शहजादीची गोळी, लेकीची गोळी

शहागंजच्या मागच्या गल्लीत नवाबभाई गादीवाल्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत कापूस पिंजायची मशीन, तिच्या पलीकडे छताला टेकलेला कापसाचा ढीग आणि ढिगाच्या अलीकडे भुवयांपर्यंत पांढरे झालेले नवाबभाई. त्यातलं पांढरं कापसाचं किती आणि वयाचं किती, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. गावातल्या कितीतरी लग्नांच्या गाद्या त्यांनी भरल्या, बाळांच्या दुपट्यांपासून म्हाताऱ्यांच्या रजयांपर्यंत सगळं शिवलं. पण दुपारी हा माणूस कधी आडवा झाला नाही. हलवाई काय पेढे खात बसतो, असं म्हणायचे आणि जेवण झालं की दाभण हातात घ्यायचे.

त्या हिवाळ्यात मात्र नवाबभाई दुपारचे झोपायला लागले.

गल्लीला आधी गंमतच वाटली. ऐन रजईचा सीझन, गिऱ्हाईक दारात उभं, आणि मालक शटर अर्धं ओढून कापसात पसरलेले. समोरचा बांगडीवाला म्हणायचा, एवढ्या वर्षांनी नवाबभाईंना कळलं आपण काय विकतो ते. नवाबभाई हसून सोडून द्यायचे. खरं कारण ते कोणालाच सांगणार नव्हते. झोपेत त्यांची बायको शहजादी यायची.

यायची म्हणजे कुठून चालत यायची नाही. डोळा लागला की ती आधीपासूनच तिथं असायची, ढिगाला पाठ टेकून, मांडीवर निळी रजई घेऊन. ती टाके घालत राहायची. दुकानाची मागची भिंत केव्हा नाहीशी व्हायची ते कळायचं नाही, आणि तिथं तिच्या माहेरचं, अजिंठ्याचं शेत पसरलेलं असायचं, कापूस फुटलेलं. ऊन पडलेलं असायचं, पण तापायचं नाही. वाऱ्यावर उडालेला कापूस खाली बसायचं विसरून वरच राहायचा. मशीन बंद, गल्ली बंद, सगळं शहर बंद, फक्त सुई कापडातून निघताना होतो तेवढा आवाज. आणि मधूनच शहजादी काहीतरी अगदी साधं बोलायची. आज भाजीत मीठ लई झालं म्हणायची. नाहीतर म्हणायची, त्या कोपऱ्यातला टाका उसवला तुमचा.

ती मराठीत बोलायची, याला कारण आहे. नवाबभाईंची आई हैदराबादची. तिला मराठी जेमतेम समजायची. शहजादी अजिंठ्याची, शेजारपाजार सगळा मराठी, त्यामुळं तिच्या तोंडात मराठी पक्की. लग्न झाल्यावर या दोघांना घरात दोन शब्द एकांतात बोलायची सोय नव्हती, तेव्हा शहजादीने ही युक्ती काढली. घरात सगळ्यांशी दखनी आणि नवऱ्याशी मराठी. पुढे सासू गेली, लेक खुशनुमा मोठी झाली, तीही मराठी शाळेत शिकली, पण नवराबायकोची ती खासगी भाषा तशीच राहिली. शहजादी गेल्यावर नवाबभाई मराठी बोलायचे ते गिऱ्हाइकांशी आणि लेकीशी. लाडाची मराठी त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं.

ती गेली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. सकाळी ॲम्ब्युलन्स आली, ती स्वतःच्या पायांनी चढली, दार लागलं. नंतर नवाबभाईंना दिसलं ते दुरून, कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभं राहून, पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेलं. तोंड दाखवलं नाही. दवाखान्यातल्या त्या दिवसांत ती काय म्हणाली, कोणाला हाक मारली, हाक मारली की नाही, हे विचारायला समोर कोणीच नव्हतं. तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं की नवाबभाई उठून मशीन चालू करायचे. मशीनच्या घरघरीत कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही.

म्हणून स्वप्नात ते रोज एकच विचारायचे. "तिथं माझी आठवण काढली व्हती का गं?"

शहजादी दोरा दाताने तोडायची, मान वर करायची, ओठ उघडायची, आणि नेमकं तेव्हाच बाहेर कोणीतरी शटर वाजवायचं, नाहीतर रिक्षावाला हॉर्न दाबायचा. जगाला दुसरा मुहूर्त मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर लेकीला सांगायचं. पण चांगलं ख्वाब सांगत सुटायचं नसतं, सांगितलं की ते पुन्हा पडत नाही, हे नवाबभाईंच्या मनात लहानपणापासून बसलेलं. सोनं सापडलेला माणूस जसा गप्प राहतो तसे ते गप्प राहिले. उठताना चक्कर यायची, तेही गप्प. हातपाय गार पडायचे, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, तेही गप्प. एकदा मशीनच्या तोंडाशी कापूस सारताना डोळे मिटले आणि कुर्त्याची बाही रुळात ओढली गेली. हात वाचला. नवाबभाईंनी फाटकी बाही कात्रीने सारखी केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी बसले. थंडी आहे, वय झालंय, असं स्वतःला समजावलं. या वयात बायको भेटायला येते म्हटल्यावर थोडी चक्कर काय मोठी गोष्ट होती!

गोष्ट मोठी होती, आणि ती त्यांच्या खिशातच होती.

नवाबभाईंना रक्तदाबाची गोळी जुनीच. शहजादी असताना ती सकाळच्या चहाबरोबर त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि ते न बघता गिळायचे. गोळीचं नाव काय, रंग कसा, कधी पाहिलंच नाही. बायकोच्या हातचं पान खाताना त्यात काय काय आहे हे कोणी विचारतं का? ती गेल्यावर त्यांनी रिकामं पाकीट नाक्यावरच्या मेडिकलमध्ये दाखवलं, तिथून तसंच नवं आणलं, आणि सकाळची गोळी चालू ठेवली. मनातल्या मनात तिचं नाव होतं शहजादीची गोळी.

दिवाळीच्या आधी जावई अबुजर त्यांना आग्रह करून बजाजनगरला घेऊन गेला. वाळूजच्या कंपनीत त्याला नोकरी, घर तिथंच. गोळ्या नेमक्या शहागंजला राहिल्या. खुशनुमाच्या मोबाईलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता, तो दाखवून तिने तिथल्या दुकानातून औषध आणलं. त्या दुकानात ती कंपनी नव्हती, म्हणून त्यांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. आणेपर्यंत दुपार झाली, म्हणून तिने दुपारी जेवणावर दिली, आणि तिथं असेपर्यंत दुपारीच देत राहिली. निघताना उरलेली पाकिटं पिशवीत घातली आणि बजावलं, अब्बा, ही रोज घ्या, विसरू नका.

नवाबभाई विसरले नाहीत. लेकीने प्रेमाने दिलेली गोळी नाकारणं म्हणजे तिच्या हातची भाकरी सरकवण्यासारखं झालं असतं. घरी आल्यावर त्यांनी हिशेब लावला, सकाळी शहजादीची, दुपारी लेकीची. एक गोल आणि पांढरी, दुसरी लांबट आणि गुलाबी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत नावंही वेगवेगळी. खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायचं असतं, हे आपल्यापैकी तरी किती जणांना ठाऊक असतं? बारीक अक्षर म्हणजे कंपनीची कायद्याची बडबड, असंच आपण धरून चालतो.

लेकीची गोळी घेतली की झोप येते आणि झोप आली की शहजादी येते, एवढं मात्र नवाबभाईंच्या लक्षात आलं होतं. त्यात त्यांना नवल वाटलं नाही. लेकच ती, आईला बोलावून आणणारच.

एक दिवस शहजादीने दोरा तोडला, वर पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. "अहो, म्या तिथं..." एवढंच आलं, आणि गादीची खोळ बदलायला आलेल्या बाईने शटरवर मूठ हाणली. जन्मात पहिल्यांदा नवाबभाई गिऱ्हाइकावर ओरडले. बाई बिचारी पाहतच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शटर पूर्ण ओढलं आणि लेकीच्या दोन गोळ्या घेतल्या, झोप मध्येच तुटू नये म्हणून.

त्या दिवशी शेत फार लांब पसरलं होतं. शहजादी पार पलीकडच्या बांधावर बसली होती आणि निळी रजई तिच्या मांडीवरून वाहत वाहत यांच्या पायांपर्यंत आली होती. तिच्याकडे जायला पाय उचलायचे होते, पण ते कापसात रुतले होते. ती काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते, आवाज वाऱ्यावर दुसरीकडे जात होता. जाग आली तेव्हा मशिदीत अस्रची, दिवस कलतानाची, अजान झाली होती. नवाबभाई उठायला गेले आणि तसेच खाली बसले. जमीन हलत होती. बराच वेळ भिंत धरून बसल्यावर त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की उद्या जरा जवळ बसेल ती.

अशाने पाकिटं लवकर संपत आली. रिकामं पाकीट घेऊन ते नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. तिथं मनस्विनी असते, फार्मसी शिकलेली, हसतमुख, पण गोळ्या देताना दहा प्रश्न विचारणारी. लोक वैतागतात. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ही कोणासाठी?

"माझीच हाय. लेकीची गोळी."

"म्हणजे लेक घेते?"

"नाय बेटी. लेकीनं दिलेली. शहजादीची सकाळी घेतो, ही दुपारी."

मनस्विनीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने आधी त्यांना स्टुलावर बसवलं. मग फळीवरून त्यांचं नेहमीचं पाकीट काढलं आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. मोठं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, तिने समजावलं, औषधाचं खरं नाव त्याच्या खाली बारीक असतं, ते बघा. नवाबभाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण जन्मभर टाक्याला टाका जुळवलेले डोळे होते. चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी या पाकिटावरची अक्षरांची ओळ पाहिली, मग त्या पाकिटावरची. पहिलं अक्षर सारखं, दुसरं सारखं, शेवटपर्यंत सारखं.

"एकच हाय का?" त्यांनी विचारलं.

"एकच आहे, चाचा. तुम्ही दुप्पट घेताय."

कधी कधी तिप्पट, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. मनस्विनीने त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहत राहिली आणि फोन उचलला. एक फोन डॉक्टरांना, एक खुशनुमाला. नवाबभाईंना मात्र त्या वेळी दुकानातल्या बरण्या, बाटल्या, उदबत्तीचा धूर असं सगळंच जरा पाण्याखालचं वाटत होतं, आणि ते वाईट वाटत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, छातीला यंत्र लावलं, संध्याकाळपर्यंत आडवं ठेवलं. खुशनुमा बजाजनगरहून धावत आली होती. तिला त्यांनी स्पष्टच सांगितलं, ठोके फार खाली गेले होते, आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर हे कुठं तरी कोसळले असते, जिन्यात नाहीतर त्या मशीनवर. उद्यापासून एकच गोळी, सकाळी. मात्र घाबरून तीही बंद करायची नाही, हे औषध एकदम सोडलं तर उलट हृदयाला त्रास होतो. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, असंही म्हणाले. मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, झोपेत स्वप्नं फार पडतात का? या औषधाने काही लोकांना पडतात, जास्त झालं की आणखीच.

"नाय," नवाबभाई म्हणाले.

पण आत काहीतरी तुटलं. अजिंठ्याचं ते शेत, न तापणारं ऊन, भाजीतलं मीठ, निळी रजई, ते सगळं पाकिटातून निघालं होतं? मग दुपारी शेजारी येऊन बसायची ती कोण? शहजादी दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी तर दुरूनसुद्धा दाखवली नव्हती.

खुशनुमा काही दिवस राहायलाच आली. तिने कपाट, गल्ला, उशांखालच्या जागा, सगळं धुंडाळून जादा पाकिटं गोळा केली आणि मनस्विनीकडे नेऊन दिली. चुकून एक गोळी राहिली. चुकून म्हणजे, ती नवाबभाईंच्या कुर्त्याच्या खिशात होती आणि त्यांनी ती काढून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि ढिगाला टेकून बसले. फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती, तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते. गुलाबी गोळी तळहातावर होती. त्यांना फार काही नको होतं. एकदाच जायचं, एकदाच विचारायचं, तिचं उत्तर ऐकायचं आणि मग डॉक्टर म्हणतील तसं. गोळीने आणलेली असली तरी तोंड तर तिचंच होतं, आवाज तिचाच होता. खोट्या शहजादीने खरं उत्तर दिलं तर काय बिघडलं?

खुशनुमा डबा घेऊन शटरखालून वाकून आत आली आणि तिला तो तळहात दिसला. ती ओरडली नाही. डबा खाली ठेवला, बापाच्या समोर बसली. नवाबभाईंनी मूठ मिटली नाही. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. शेत, रजई, मीठ, रोज विचारलेला प्रश्न, रोज अर्धवट राहिलेलं उत्तर. सांगताना त्यांना कळत होतं की आता हे संपलं, सांगितलेलं ख्वाब परत यायचं नाही. तरी सांगितलं. लेकीसमोर रडायला त्यांना लाज वाटली नाही.

खुशनुमा ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "अब्बा, मला इचारायचं ना."

"तुला काय इचारू? तू कुठं व्हती तिथं?"

"अम्माचा फोन आलता मला. वॉर्डातून. घरातला मोबाईल तिच्यासंगं गेलता, तुमच्याकडं दुसरा नव्हता. म्हणून मला केला. म्या कितीदा सांगाया बसले. अम्माचं नाव काढलं की तुमी मशीन चालू करायचे."

नवाबभाई पुढे सरकले. त्यांचा रोजचा प्रश्न तिला आता ठाऊक होता.

"धाप लागत व्हती, तोडून तोडून बोलली. म्हणली, त्यांनी गोळी घेतली का? म्या म्हणलं, घेतली असंल. म्हणली, असंल नको, बघ. आजवर म्याच हातावर ठिवली, त्यांनी बघितलंबी नाय कदी. त्यांना नाव ठाव नाय. तू जा आन त्यांना नाव शिकव. म्या म्हणलं, तू आराम कर. तरी पुन्यांदा तेच. फोन ठिवस्तोवर तेच. लॉकडाऊन व्हता, मला येता आलं नाय. मंग ती गेली, आन गोळीचं राहूनच गेलं. तुमच्याबिगर दुसरं कायच बोलली नाय, अब्बा. माझ्याबद्दल पण नाय."

उन्हाची पट्टी सरकत त्यांच्या गुडघ्यावर आली होती. नवाबभाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. ती रडत होती आणि तेही रडत होते, आणि बाहेर गल्ली नेहमीसारखी चालली होती. मग त्यांनी दुसऱ्या हातातली गोळी तिच्या ओंजळीत टाकली आणि सकाळचं पाकीट मागितलं. तिने ते पर्समधून काढून दिलं. त्यांनी ते उलटं केलं, चष्मा पुसला, मोठ्या नावाखालच्या बारीक ओळीवर दाभणाने राठ झालेलं बोट ठेवलं.

"वाच," ते म्हणाले.

"मेटोप्रोलॉल."

त्यांनी म्हणून पाहिलं, ते अर्ध्यातच अडकलं. तिने तुकडे करून सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी शेवट चुकला. समोरचा बांगडीवाला शटरखालून डोकावला, काय चाललंय म्हणून, आणि बापलेकीचे चेहरे पाहून गुपचूप मागं फिरला. नवाबभाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. लहान मूल कलमा पाठ करतं तसं ते त्या बारीक ओळीवरून बोट फिरवत एकेक तुकडा तोंडात घोळवत होते, आणि शेवटी एकदाचं ते नाव सबंध बाहेर आलं.

"अजून एकदा वाच," ते म्हणाले. "तिनं इचारलं तर मला सांगता यायला पायजे."

खुशनुमाने पुन्हा वाचलं.